गावाची देशी वृक्ष रोपवाटिका : कोणते बी कधी पेरावे?
गावातील तरुण मंडळे, बचत गट देशी झाडांचे बी गोळा करतात. पण सर्व बी एकदमच पेरल्यास उगवण फसते.

कडुनिंब, जांभूळ : बियांची उगवणक्षमता काही आठवड्यांतच घटते. जून-जुलैमध्ये पिकलेली फळे गोळा करून गर धुवावा. कडुनिंबाचे बी सावलीत सुकवून, तर जांभळाचे न सुकवता लगेच पिशवीत पेरावे.

बहावा : कवच कठीण असते. उकळते पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी रात्रभर भिजवावे.

लागवड : वर्षभराची रोपे पावसाळ्याच्या सुरुवातीला ४५ × ४५ × ४५ सें.मी. खड्ड्यात लावावीत. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी देण्याची जबाबदारी घरनिहाय वाटून घ्यावी. अन्यथा रोपे जळून सर्वांची मेहनत वाया जाते.