वारसा चार चाकांचा

मुलांनो, तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती? कुणी म्हणेल, आजीचा पाटा-वरवंटा. कुणी म्हणेल, पणजोबांचा अडकित्ता, नाही तर देवघरातली पितळेची समई. या वस्तू सांभाळायला सोप्या. समई चिंचेनं घासली की लख्ख होते. पाट्याला अधूनमधून टाकी लावून घेतली की झालं! पण वारशात चक्क मोटार मिळाली तर? ती घासूनपुसून कोनाड्यात ठेवता येत नाही. तिला पेट्रोल लागतं, हवा लागते, पाणी लागतं, सरकारी कागद लागतात आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे लक्ष देणारं माणूस लागतं. आज अशाच म्हाताऱ्या मोटारींची ओळख करून घेऊ या.

राजाची मोटार

आपल्या महाराष्ट्रातली अशी सर्वांत प्रसिद्ध मोटार आहे कोल्हापूरला. तिचं नाव मेबॅक. १९३६ सालची ही जर्मन मोटार कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांसाठी बनवून घेतलेली. रंग भगवा, नाक लांबलचक आणि थाट तर विचारूच नका! ती अजून राजघराण्याकडेच आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला ती बाहेर निघते, तेव्हा तिला बघायला लोक गर्दी करतात. विचार करा, त्या गर्दीतल्या कितीतरी आजोबांनी ती आपल्या लहानपणीही पाहिलेली असेल.

पण मोटार सांभाळणं हे काही फक्त राजांचं काम नाही, बरं का!

कुर्ल्यात जन्मलेली पद्मिनी

तुमच्या आजोबांपुढे नुसतं ‘फियाट’ म्हणून बघा, त्यांना किती आठवणी सांगू आणि किती नको असं होईल. या गाडीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. तो काढला सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. भारतीयांनी भारतात जहाजं, विमानं आणि मोटारी तयार कराव्यात, हा त्यांचा ध्यास. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या गोल नाकाच्या फियाटला लोकांनी गमतीनं नाव ठेवलं, ‘डुक्कर फियाट’!

१९७४ पासून या घराण्यातल्या गाडीचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणी पद्मिनीचं नाव ते. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा पायाजवळ नाही, तर स्टिअरिंगच्या खाली. त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असं समीकरणच होतं. पण मुंबईत टॅक्सीच्या वयाला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला टॅक्सीच्या रूपातली पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. कारखान्यातून नव्या पद्मिनी निघणं तर त्याच्याही आधी बंद झालं होतं. म्हणजे आता जी पद्मिनी कुणाच्या तरी अंगणात उभी आहे, ती गेली की तिच्या जागी दुसरी येणार नाही.

विकायची की ठेवायची?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी अशीच १९७८ सालची पद्मिनी आहे. तिच्या आजोबांची. आजोबा गेले आणि गाडी तीन वर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली. कोंबड्या तिच्या टपावर बसायच्या! काका म्हणाले, “भंगारवाला न्यायला तयार आहे. सोयाबीनची पोती ठेवायला जागा होईल.” काकांचं चूक नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात जागा आणि पैसा दोन्ही मोजूनमापून वापरावे लागतात. बाबांना मात्र गाडी ठेवायची होती, पण दुरुस्तीचा खर्च ऐकून तेही गप्प बसले. शेवटी आजी बोलली, “तुम्हा दोघांनाबी दवाखान्यातून याच गाडीत घरी आणलं होतं. मिस्त्रीले एकदा दाखवा तरी. नाही चालली, तर मग घेऊन जा म्हणा भंगारवाल्याले.”

मिस्त्रीकाका आले. त्यांचं सगळं आयुष्य जुन्या गाड्यांत गेलेलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “गाडी चालून चालून नाही मेली, उभी राहून राहून मरायली.”

उभी गाडी का बिघडते?

आहे ना गंमत? आपल्याला वाटतं, वापरली नाही तर वस्तू टिकते. मोटारीचं उलट आहे.

पेट्रोल फार दिवस टाकीत राहिलं की शिळं होतं. त्याचा डिंकासारखा चिकट थर बसतो. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची सुईएवढी बारीक छिद्रं असतात, ती या थरानं बुजतात. बॅटरी आपोआप उतरते. गाडीचं सगळं वजन टायरच्या एकाच भागावर पडून तो भाग चपटा होतो. ब्रेकचं तेल हवेतली वाफ शोषून घेतं आणि आतले लोखंडी भाग गंजतात. आणि उंदीर! या गाडीच्या मागच्या सीटमध्ये त्यांनी चक्क घर केलं होतं. सीटचा काथ्या अंथरायला घेतला होता आणि वायरी कुरतडून ठेवल्या होत्या.

दुरुस्तीला दोन महिने लागले. काही भाग मुंबईहून, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणावे लागले. काढलेला एकही मूळ भाग मिस्त्रीकाकांनी टाकू दिला नाही. “डब्यात ठेवा, वर नाव लिहून. नवीन बनवायचा झाला तर नमुना लागतो,” ते म्हणाले. जुन्या वस्तूंच्या संग्रहालयातही असंच करतात. आधी आहे तेच दुरुस्त करायचं, अगदीच नाइलाज झाला तर बदलायचं आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं.

सध्याच्या पेट्रोलचीही काळजी घ्यावी लागते. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. ऊस, मका, तांदूळ यांपासून हे इथेनॉल तयार करतात. ते पाणी शोषून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या जुन्या नळ्या बदलून इथेनॉलला टिकतील अशा घालाव्या लागतात. गाडी महिन्यातून एक-दोनदा चांगली पंधरा-वीस किलोमीटर फिरवावी लागते. नुसती जागेवर सुरू करून लगेच बंद केली, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आत साठलेला ओलावा तसाच राहतो.

आजोबांची वही

गाडी दुरुस्त होत असताना डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही सापडली. तिच्यात पेट्रोल कधी भरलं, ऑइल कधी बदललं, सगळं तारीखवार लिहिलेलं. एका पानावर होतं, ‘उन्हाळ्यात मलकापूरहून येताना राजूर घाटाच्या आधी थांबणे. पंपावर ओले फडके ठेवणे.’

नातीनं मला विचारलं, “बाई, पंपावर फडकं कशाला?”

तुम्हालाही वाटलं असेल, पेट्रोल पंपावर कोण फडकं ठेवतं? पण हा पंप गाडीतला, बरं का! टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ओढून आणणारा. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन फार तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ नीट ओढता येत नाही. मग गाडी बंद पडते. ओल्या फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं आणि पंप गार होतो. माठातलं पाणी गार होतं ना, तेच विज्ञान!

गाडीसोबत वारशात हेही मिळालं होतं. नुसती गाडी राहिली असती आणि वही भंगारात गेली असती, तर पहिल्याच उन्हाळ्यात घाटात धक्के मारायची वेळ आली असती. काकांनी ती वही वाचली आणि सोयाबीनच्या पोत्यांसाठी दुसरीकडे जागा काढली!

कागदपत्रं आणि कायदा

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठी. गाडीचे मालक वारले तर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला तसं कळवावं लागतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. जुन्या गाडीसाठी पर्यावरण करही भरावा लागतो. महाराष्ट्रात नुसतं वय झालं म्हणून घरची गाडी भंगारात काढायची सक्ती नाही. तपासणीत ती पास मात्र झाली पाहिजे.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं वेगळे नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. मात्र असा क्रमांक घेतला की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. आपली ही पद्मिनी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल.

हा नियम योग्यच आहे. जुन्या गाडीत एअरबॅग नाही आणि तिचा धूर नव्या गाडीपेक्षा जास्त घातक असतो. तिच्यावर माया असावी, पण म्हणून तिला रोज शाळेच्या रस्त्यावर धूर सोडत फिरवू नये. सणावाराला, लग्नकार्याला, आजीला शेगावला दर्शनाला न्यायला, एवढं पुष्कळ झालं.

तुम्ही काय कराल?

घरोघरी मोटार नसेल. पण कुणाकडे जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, रेडिओ असेल, नाही तर शेतातलं ऑइल इंजिन असेल. येत्या सुट्टीत त्याच्यासाठी एक वही करा. ती वस्तू कधी आणि कुठून घेतली, किती रुपयांना, कोण वापरायचं, कुठे अडते आणि अडली की काय करायचं, हे आजी-आजोबांना विचारून लिहून काढा. आजोबा सांगतील त्याच शब्दांत लिहा, शुद्धलेखनाचे मार्क नाहीत! शेवटच्या पानावर वस्तूचं चित्र काढा आणि त्याखाली तुमचं नाव आणि तारीख घाला.

मग, कोणती वस्तू निवडलीत? आम्हाला पत्रानं कळवाल ना?