'सामना' : गावात आलेला उपरा मास्तर

कथा

दारूच्या आहारी गेलेला एक म्हातारा स्वातंत्र्यसैनिक अनोळखी गावात येऊन पडतो. गावचे पुढारी हिंदूराव धोंडे पाटील त्याला घरी ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात. तिथे या मास्तरच्या कानावर एक नाव पडतं : मारुती कांबळे. या फौजी माणसाचं पुढे काय झालं, हे तो विचारू लागतो आणि विचारतच राहतो. डॉ. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट (१९७५), लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता.

उपऱ्यानेच का विचारायचं?

मारुतीचं काय झालं हे गावाला माहीत नसेल, असं मला वाटत नाही. पण कुणाचा भाऊ हिंदूरावांच्या साखर कारखान्यात नोकरीला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, उसाला तोड कधी मिळणार तेही कारखान्याच्याच हातात. अशा गावात तोंड उघडायचं कुणी? मास्तरचं तिथे ना शेत, ना सोयरीक. तरीही तो पुरता मोकळा नाही. ज्याचं मीठ खातो, ज्याची दारू पितो, त्यालाच जाब विचारायचा आहे. तेंडुलकरांच्या लेखणीचं बळ मला या अडचणीत दिसतं. हिंदूरावही नुसता खलनायक नाही; त्याने गावात पैसा आणलाय, पाहुण्यावर त्याचा जीव आहे. निळू फुले यांनी त्याचा दरारा फारसा आवाज न चढवता उभा केला, म्हणून तो जास्त खरा वाटतो.

कारखान्याचं गाव

प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊसपट्ट्यात हिंदूरावांसारखं नवं नेतृत्व घडलं. नाशिककरांना हे जग परकं नाही : निफाड, पळसे, दाभाडी इथे सहकारी कारखाने होतेच.

नाशिकचा धागा

मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंना त्याआधी दोन थोर भूमिका नाशिकच्या लेखकांनी दिल्या होत्या : कुसुमाग्रजांचा 'नटसम्राट' (१९७०) आणि वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'तले नानासाहेब भानू. स्वतःच्याच घरात उपरा झालेला 'नटसम्राट'मधला बेलवलकर वठवणाऱ्या नटाकडेच मास्तर यावा, हे मला फार योग्य वाटतं.

यानंतर काय पाहावं?

'सिंहासन' (१९७९). दिग्दर्शक, पटकथाकार तेच, मात्र बाजू उलटतात : लागू सत्तेसाठी धडपडणारे मंत्री, आणि निळू फुले सगळं पाहणारा पत्रकार.