अनुसय आणि मानसिक आरोग्यसेवक

मानसिक आरोग्यसेवकांना मनोविश्लेषणाचे प्राथमिक शिक्षण देताना प्रारंभीच सांगितले जाते की, रुग्ण पूर्वीच्या नात्यांतील राग-लोभ सेवकावर आरोपित करतो आणि सेवकाच्या मनातही तसेच काही जागे होते. या दुसऱ्या गोष्टीकडे फ्रॉइडने १९१० साली लक्ष वेधले. अशा सुप्त प्रवृत्तीस पालि वाङ्मयात 'अनुसय' म्हणतात. मज्झिमनिकायातील महामालुङ्क्यसुत्तात भगवान बुद्ध सांगतात की, उताण्या निजलेल्या तान्ह्या बालकास 'मी' ही कल्पनाही नसते, तथापि सक्कायदिट्ठीचा अनुसय त्याच्या ठायी असतोच. अबोध मन व अनुसय एकच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अनुसयाचा समूळ उच्छेद होतो, असे धम्म मानतो. फ्रॉइडचा दावा इतका मोठा नव्हता.

सात अनुसयांत 'मान' येतो. मी श्रेष्ठ, मी समान, मी हीन, ही त्याची तीन रूपे. आमच्या मते भारतीय सेवकाने स्वतःच्या ठायी प्रथम हाच तपासावा. जातीय अपमानाने खचलेला तरुण समोर बसला असता सेवकातील मान जागा झाला, तर त्या खऱ्या अपमानाचे मूळ तो तरुणाच्या बालपणात शोधू लागतो. तरुण गप्प होतो. आणि त्या मौनासही उपचाराला केलेला 'प्रतिरोध' हेच नाव मिळते.