‘कर’ने संपणारी आडनावे
तेंडुलकर, मंगेशकर, गावस्कर. लाखो नावांच्या यादीतून ‘कर’ने संपणारी सगळी आडनावे काढायची असतील, तर डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत एवढीच अट पुरते: लाइक ‘%कर’. टक्क्याचे चिन्ह म्हणजे त्या जागी कितीही अक्षरे चालतील, एकही नसले तरी चालेल. लिहायला सोपी असलेली ही अट डेटाबेसला मात्र जड जाते, कारण टक्का सुरुवातीला बसला आहे.

डेटाबेस झटपट शोधासाठी जी सूची, म्हणजे इंडेक्स, ठेवतो, तिचा नेहमीचा प्रकार म्हणजे बी-ट्री. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० साली तो मांडला. यात नावे शब्दकोशासारखी क्रमाने लावलेली असतात. प्रत्येक टप्प्यावर १०० फाटे धरले, तर चार टप्प्यांत १० कोटी नोंदींपैकी हवी ती गाठता येते. पण हा क्रम पहिल्या अक्षरापासून लागतो. ‘तेंडु%’ झटक्यात सापडते. ‘%कर’साठी शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो. आपली कितीतरी आडनावे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेली, म्हणजे आपला अगदी साहजिक प्रश्नच इथे महागडा ठरतो.

यावरची एक युक्ती मला फार आवडते: प्रत्येक आडनाव उलटे करून त्याचाही इंडेक्स ठेवायचा. मग ‘%कर’चे ‘रक%’ होते आणि शोध पुन्हा झटपट लागतो.

मधला तुकडा शोधायचा असेल तर ट्रायग्रॅम कामी येतात. ‘मडगावकर’चे तीन-तीन चिन्हांचे तुकडे पडतात: मडग, डगा, गाव आणि पुढचे. ‘%गाव%’ विचारले की ‘गाव’ हा तुकडा असलेलीच नावे तपासायची. नुसते ‘%कर%’ विचारले, तर तीन चिन्हेच नसल्याने हा इंडेक्स निरुपयोगी ठरतो.

देवनागरीत आणखी एक पेच आहे. लाइकच्या अटीत अंडरस्कोअर नेमक्या एका चिन्हाची जागा घेतो, म्हणून ‘_रण’ला ‘करण’ सापडतो, ‘किरण’ सापडत नाही. ‘कि’मध्ये क आणि वेलांटी अशी दोन चिन्हे असतात. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संकेतांक वेगळे असल्याने तुलना फसू शकते आणि यादीत असलेला माणूस ‘नाही’ ठरतो. हे टाळण्यासाठी नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ते युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणावे लागते. मग ऱ कोणत्याही पद्धतीने टंकलेला असो, कऱ्हाडकर सापडतात.