टीव्ही-इंटरनेटची कंपनी बदलण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा

दाराच्या फटीतून कोणीतरी रंगीत पत्रक सरकवून जाते. ‘टीव्ही, इंटरनेट आणि ओटीटी, सगळे मिळून महिना फक्त ६९९ रुपये!’ तुम्ही ते उचलता, आपले चालू खर्च आठवता आणि वाटते, इतके दिवस आपण उगाचच जास्त भरत आलो. तसे असेलही. पण फोन करून ‘हो’ म्हणण्याआधी एक संध्याकाळ वही-पेन घेऊन बसा. पत्रकावरचा आकडा आणि तुमच्या खात्यातून प्रत्यक्ष जाणारा आकडा यांत बरेच अंतर असते.

उदाहरणासाठी आपण गुम्मिडिपूंडी घेऊ. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळ, तिरुवल्लूर जिल्ह्यातले हे औद्योगिक गाव. सिपकॉटची मोठी वसाहत इथे आहे आणि चेन्नई सेंट्रलहून लोकलने येता येते. समजा, तुम्ही सांगली-सोलापूरकडून कामासाठी इथे आला आहात, घर भाड्याचे आहे, मुले ऑनलाइन अभ्यास करतात आणि आईला संध्याकाळी मराठी मालिका लागतात. परमुलखात हा निर्णय जास्त अवघड होतो. केबलवर आपली भाषा असेलच असे नाही, आणि बदली किंवा घरबदल कधी होईल याचा नेम नाही.

आधी चालू बिल वाचा

डीटीएच किंवा केबलचे बिल दोन भागांचे असते. पहिला भाग जोडणीचा, त्याला नेटवर्क क्षमता शुल्क म्हणतात. दुसरा भाग तुम्ही घेतलेल्या सशुल्क वाहिन्यांचा किंवा त्यांच्या संचांचा. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. ही पद्धत २०१९ च्या फेब्रुवारीपासून आहे. तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जोडणी शुल्काला १३० रुपयांची मर्यादा घातली होती. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा काढली गेली, म्हणून आता कंपनीगणिक हा आकडा वेगळा असू शकतो. तो विचारून घ्या. बरेच ग्राहक वाहिन्यांचीच किंमत विचारतात आणि हा भाग विसरतात.

वाहिन्यांचे संच स्वस्त दिसतात, कारण त्यात पाच हव्या असलेल्यांबरोबर पंधरा नको असलेल्या येतात. पूर्वी कोणीतरी बसवून दिलेला संच वर्षानुवर्षे तसाच चालू असतो. घरात प्रत्यक्ष कोणत्या वाहिन्या पाहिल्या जातात, ते आठवडाभर लिहून ठेवा. बहुतेक घरांत यादी दहा-बाराच्या पुढे जात नाही. मग त्या सुट्या घेतल्या तर किती आणि संचात किती, हे ॲपवर ताडून पाहा. प्रत्येक वेळी सुट्याच स्वस्त पडतात असे नाही, म्हणून दोन्ही आकडे मांडा.

आता वहीत

पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत, त्या जागी तुमचे घाला. समजा डीटीएचला महिना ३८० रुपये जातात. इंटरनेटचा प्लॅन ५९९ चा, जीएसटी धरून ७०७. एकूण १,०८७, वर्षाला १३,०४४ रुपये.

पत्रकावरचे ६९९ जीएसटी धरून ८२५ होतात. वर्षाला ९,९००. म्हणजे ३,१४४ रुपये वाचणार! इथेच बहुतेक लोक वही मिटतात.

मिटू नका. जोडणीचे १,००० रुपये आहेत. वर्षाचे पैसे एकदम भरले तर ते माफ, असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. आईच्या मराठी वाहिन्या नव्या पॅकेजमध्ये नाहीत, त्यासाठी एका ॲपची वर्गणी वेगळी, समजा वर्षाला ८९९. झाले ११,७९९. शिवाय जुन्या इंटरनेटचे वर्षाचे पैसे तुम्ही आगाऊ भरलेले आहेत आणि त्यातले तीन महिने शिल्लक आहेत. ते परत मिळत नसतील, तर जुन्याच जोडणीवर राहिल्यास पुढच्या बारा महिन्यांत तुम्हाला नऊच महिन्यांचे इंटरनेट भरायचे आहे: ६,३६३ रुपये, अधिक डीटीएचचे ४,५६०, मिळून १०,९२३. आज बदलले तर ११,७९९. स्वस्त कंपनीत जाऊन पहिल्या वर्षी ८७६ रुपये जास्त गेले.

तीन महिने थांबून बदलले तर चित्र पालटते. जुने १३,०४४, नवे ११,७९९. पहिल्या वर्षी १,२४५ वाचतात, आणि दुसऱ्या वर्षी जोडणीचा खर्च नसल्याने २,२४५. म्हणजे बदल चांगला आहे, पण वेळ चुकली होती.

आता तिसरा रस्ता पाहा, जो पत्रकावर कधीच नसतो. कंपनी तीच ठेवा आणि डीटीएचचा संच छाटा. ३८० चे २४० झाले तर महिना १४० वाचले, वर्षाला १,६८०. पहिल्या वर्षी कंपनी बदलण्यापेक्षा हे जास्त, आणि भिंतीला नवे भोकही नाही. हे १४० रुपये टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर ६.७ टक्के दराने पाच वर्षांत भरलेल्या ८,४०० चे साधारण ९,९९० होतात. खाते उघडताना जो दर असतो तो पाचही वर्षे टिकतो. महिना शंभर रुपयांपासून, पुढे दहाच्या पटीत, हे खाते काढता येते. वाचवलेले पैसे वेगळे काढले नाहीत तर ते वाचल्याचे कळतही नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल.

सध्याच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ‘मी दुसरीकडे जायचा विचार करतो आहे’ एवढे सांगून पाहा. पुष्कळदा तिथेच सवलत निघते. मात्र ती किती महिन्यांसाठी आहे ते विचारा आणि संदेशात लेखी मागा.

मराठी वाहिन्यांचे काय?

तमिळनाडूत केबलचा इतिहास थोडा वेगळा आहे. राज्य सरकारची स्वतःची अरसु केबल कंपनी आहे आणि २०११ मध्ये तिने महिना ७० रुपयांत जोडणी द्यायला सुरुवात केली. तमिळ वाहिन्या पाहणाऱ्या घराला केबल आजही सोयीची. मराठी घराने मात्र केबलवाल्याला आधी वाहिन्यांची यादी मागावी. ‘सगळे चॅनेल येतात’ या वाक्याचा अर्थ इथे ‘सगळे तमिळ चॅनेल येतात’ असाही असतो.

डीटीएच देशभर एकाच उपग्रहावरून चालते. सांगलीतला तुमचा बॉक्स गुम्मिडिपूंडीतही चालतो. डिश नव्या ठिकाणच्या दिशेने बसवून घ्यावी लागते, त्याचे शुल्क पडते. म्हणून गाव बदलताना नवा बॉक्स घेऊ नका, स्थलांतराची विनंती करा. पण कंपनी बदलली की जुना बॉक्स व्यवहारात निरुपयोगी होतो. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येतो, तशी सोय सेट-टॉप बॉक्सला नाही.

मराठीपुरते अगदी कमी खर्चात भागवायचे असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, मासिक शुल्क नाही, आणि सह्याद्री वाहिनी त्यावर मिळते. नव्या मालिका हव्या असतील तर त्या इंटरनेटवर आहेत: झी मराठीच्या झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिववर. इंटरनेट पॅकेजमध्ये ‘ओटीटी मोफत’ असे लिहिले असेल तर तीन गोष्टी विचारा. यातले कोणते ॲप? ते टीव्हीवर चालेल की फक्त मोबाइलवर? मोफत किती महिने? फक्त मोबाइलवर चालणारी वर्गणी आईच्या काही कामाची नाही. आणि आईला रिमोटवर एक बटण दाबून मालिका लावायची सवय असेल, तर ॲप उघडणे, पासवर्ड टाकणे हे सगळे तिला जमेल का, तेही बघा. हा खर्च वहीत मांडता येत नाही, पण रोज संध्याकाळी तो दिसतो.

वेग किती हवा?

विक्रेता ३०० एमबीपीएस म्हणतो, तेव्हा एवढे लक्षात ठेवा की एचडी चित्र नीट दिसायला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. दोन टीव्ही, दोन फोन आणि मुलांचा वर्ग एकाच वेळी चालला तरी चार-पाच जणांच्या घराला ४०-५० पुष्कळ होतात. ‘नेट स्लो आहे’ म्हणून कंपनी बदलणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण राउटरच्या जागेत असते. तो कपाटामागे, दोन भिंतींपलीकडे ठेवलेला असतो. राउटरशेजारी उभे राहून वेग मोजा. तिथे पूर्ण येत असेल आणि आतल्या खोलीत येत नसेल, तर नवी कंपनीही आतल्या खोलीत तेच देईल.

फक्त मोबाइलच्या डेटावर भागेल का? एकटे राहत असाल तर भागेल. एचडी चित्राला तासाला दोन-तीन जीबी सहज लागतात, त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीत कुटुंबाचा टीव्ही चालत नाही.

या भागात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे हवामान. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. मुसळधार पावसात डीटीएचचे चित्र जाते, पाऊस ओसरला की परत येते. वादळात खांबांवरच्या तारा तुटल्या तर केबल आणि फायबर दोन्ही काही दिवस बंद पडू शकतात; डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई आणि तिरुवल्लूर भागाने हे पाहिले. टीव्ही आणि इंटरनेट एकाच तारेवर घेतले तर दोन्ही एकदम जातात. म्हणून कोणती कंपनी चांगली हे जाहिरातीला विचारण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन घरांना विचारा: तार तुटली तेव्हा माणूस किती दिवसांनी आला?

भाड्याच्या घरात वर्षाचे पैसे एकदम भरण्याचा मोह टाळा. जोडणीचे हजार वाचवायला तुम्ही ९,९०० भरले आणि आठव्या महिन्यात बदली झाली, तर चार महिन्यांचे ३,३०० रुपये अडकतात. नव्या पत्त्यावर ती कंपनी पोचतच नसेल तर ते गेलेच. घरात किमान दीड-दोन वर्षे राहणे नक्की असेल तरच वर्षाचा प्लॅन. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगीही आधीच घ्या. अनामत रकमेतून कापून घ्यायला त्यांना निमित्त देऊ नका.

बदलायचे ठरले तर

आधी नवी जोडणी सुरू होऊ द्या, आठवडाभर वापरा, मगच जुनी बंद करा. डीटीएचच्या खात्यात शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबा आणि मध्ये नवे रिचार्ज करू नका.

सर्वांत जास्त पैसे जिथे नकळत जातात ती जागा म्हणजे ऑटोपे. जोडणी बंद केली म्हणजे बँकेला दिलेली परवानगी आपोआप रद्द होईल, असे गृहीत धरू नका. यूपीआयवर दिली असेल तर ज्या ॲपमधून दिली तिथे ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करा. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपवर, आणि खात्यावर थेट आदेश असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड आणि यूपीआयवरच्या अशा वसुलीआधी किमान २४ तास संदेश यायला हवा. तो संदेश वाचा. आपण बंद केलेल्या कंपनीचे नाव त्यात दिसले तर तेव्हाच वसुली थांबवता येते. पुढचे दोन महिने पासबुकही तपासा.

राउटर, बॉक्स परत करताना पावती घ्या. मी स्वतः एकदा ‘माणूस घेऊन गेला ना, मग झाले’ म्हणून पावती मागितली नाही. चार महिन्यांनी यंत्र परत न केल्याचे बिल आले आणि अनामतही गेली. आता यंत्राचा मागचा क्रमांक दिसेल असा फोटो काढतो आणि नेणाऱ्याची सही घेतो.

या काळात ‘तुमची अनामत परत करायची आहे, ही लिंक उघडा’ असे फोनही येतात. पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

कंपनी ऐकत नसेल तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. इंटरनेटच्या बाबतीत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. तिथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करू शकतो, म्हणजे गुम्मिडिपूंडीच्या रहिवाशाला त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तक्रारीसोबत लागतील त्या वस्तू साध्याच: बिले, तक्रार क्रमांक आणि ती परत केल्याची पावती.