पाणी हिरवं का होतं?

उन्हाळ्यात पाझर तलाव, शेततळं आटू लागलं की उरलेल्या पाण्यावर हिरवा तवंग धरतो. "शेवाळच आहे, बाजूला सारा आणि भरा घागर," असं आपण म्हणतो. पण सगळं शेवाळ सारखं नसतं. म्हणून बचत गटाच्या वतीनं आम्ही आज हा विषय घेतला आहे.

पिकासारखंच शेवाळालाही खत लागतं, नत्र आणि स्फुरद. तळ्यात स्फुरद मुळात थोडं असतं, त्यामुळे शेवाळ आवाक्यात राहतं. १९७३ साली कॅनडात शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. नत्र आणि कर्ब दोन्हीकडे टाकला, स्फुरद एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली.

हे स्फुरद आपल्याकडूनच जातं. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असतं. वर फेकलेलं खत जोराच्या पावसात मातीबरोबर ओढ्याला लागतं. उकिरड्याचा निचरा, गटार, संडासाचं पाणीही तिकडंच. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून भीमेवरच्या उजनी धरणात येतं आणि तिथलं पाणी हिरवं पडतं. आपल्या खंडाळ्याचे ओढे नीरेला मिळतात, हे विसरायला नको.

शेवाळ मेलं की कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. त्याहून वाईट म्हणजे निळं-हिरवं शेवाळ. त्याच्या काही जाती विष तयार करतात. त्यानं अंगाला खाज, उलट्या, जुलाब होतात, यकृताला इजा होते. असं पाणी पिऊन जनावरं दगावतात. पाणी उकळून हे विष जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. मेडिक्लोरवरही विसंबू नका. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात २०१४ साली चार लाखांवर लोकांना हेच सांगावं लागलं होतं : नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नाही.

ओळखायचं कसं? लांब काठी घाला. धाग्यांसारखं लोंबत आलं तर बहुधा साधं शेवाळ. रंगात बुडवल्यासारखी काठी माखली, तर धोका समजा. हात घालू नका, लेकरं-जनावरं दूर ठेवा, ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवा. काठीवरून विष आहे की नाही ते कळत नाही, म्हणून शंका असली तरी ते पाणी टाळा.

उपाय आपल्या हातातले आहेत. माती परीक्षण करून लागेल तेवढंच खत द्या, तेही मातीआड करून. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखा, उकिरडा काठापासून लांब हलवा. धुणं-भांडी तळ्यात नकोत. घराच्या सांडपाण्याला शोषखड्डा करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवू : आपल्या गावच्या तळ्याला कोणकोणते ओघळ मिळतात, ते सगळ्याजणी मिळून चालत पाहू. जिथं गटार किंवा उकिरडा सापडेल, तो विषय ग्रामसभेत मांडू.