सोबतीचा अभ्यास

दहावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी दोन-तीन विषयांत अनुत्तीर्ण कसा होतो, हा प्रश्न दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या परिसरातील अनेक घरांना पडलेला आहे. वडील गोदामात माल चढवीत-उतरवीत असोत, यंत्रमागावर पाळी करीत असोत की एखाद्या कचेरीत कारकून असोत, निकालाच्या दिवशी घरात होणारी चर्चा बहुधा सारखीच असते. कोणी म्हणतो संगत बिघडली, कोणी मोबाईलला दोष देतो, कोणी इंग्रजीला. शेजारचे एखादे काका ‘पायाच कच्चा होता’ असा निवाडा देऊन मोकळे होतात. मुलगा मात्र गप्प असतो. आपण या शिक्षणाच्या लायकीचेच नव्हतो, अशी त्याची स्वतःची समजूत हळूहळू पक्की होत जाते, आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची वेळ आली की तो आपणहून ‘काम बघतो’ म्हणतो.

ही समजूत कितपत खरी आहे? सुदैवाने या प्रश्नावर जगात आणि आपल्या देशातही गंभीर अभ्यास झालेला आहे. त्यातील काही निष्कर्ष आपल्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावेत असे आहेत. कारण त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या वसतिगृहाच्या दिनक्रमात पूर्वीपासूनच आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संकुलात युरी ट्राइसमन नावाचे एक तरुण संशोधक गणित शिकवीत होते. कलनशास्त्र हा तेथील विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षाचा विषय. शाळेत उत्तम गुण मिळवून आलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या संख्येने मागे पडत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी सामान्यतः चांगले उत्तीर्ण होत. ट्राइसमन यांनी प्राध्यापकांना कारण विचारले, तेव्हा मिळालेली उत्तरे आपल्याला परकी वाटणार नाहीत : जिद्द कमी, पूर्वतयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमन यांनी या उत्तरांवर विसंबून न राहता वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी विद्यार्थी निवडले आणि सुमारे दीड वर्ष त्यांच्याबरोबर राहून ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे पाहिले.

प्राध्यापकांचे चारही तर्क टिकले नाहीत. या मुलांचे आई-वडील त्यांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करीत होते आणि मुलेही कष्टाळू होती. वर्गातील एका तासामागे दोन तास अभ्यास करावा, ही सूचना ती तंतोतंत पाळीत. आठवड्याला सुमारे आठ तास भरत. परंतु हा सारा अभ्यास एकट्याचा होता. वीसपैकी अठरा जण वर्गमित्रांबरोबर कधीच अभ्यासाला बसत नसत. एकट्याच्या बळावर शाळेत वर आलेल्या या मुलांना अभ्यास आणि मैत्री या दोन वेगळ्या खोल्या आहेत, असेच वाटे.

चिनी विद्यार्थी आठवड्याला सुमारे चौदा तास अभ्यास करीत. त्यांतील आठ-दहा तास ते स्वतंत्रपणे बसत आणि उरलेले तास एकत्र. सायंकाळी कोणाच्या तरी खोलीवर जमून ते उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका दाखवीत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते गणितच कठीण आहे हे सर्वांना कळे. एकटा बसलेला मुलगा त्याच गणितापाशी अडला, तर त्याचा निष्कर्ष वेगळा असे : कठीण काही नाही, मीच कमी आहे. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचे मर्म येथे आहे. आपण वर्गात नेमके कोठे उभे आहोत हे एकट्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या निकालापर्यंत कळतच नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो.

यावर ट्राइसमन यांनी शोधलेला उपायही विचार करण्याजोगा आहे. १९७८ मध्ये त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या, पण त्यांना ‘कच्च्या मुलांची शिकवणी’ असे रूप येऊ दिले नाही. नेहमीच्या गृहपाठापेक्षा अवघड उदाहरणे देऊन ती लहान गटांत सोडवायची, अशी त्यांची रीत होती. सहभागी झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल सहभागी न झालेल्यांपेक्षा लक्षणीय चांगले आले आणि पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी ही पद्धत स्वीकारली. आपल्याकडे मागास म्हणून मुलांना सोपे करून शिकवण्याचा मोह फार असतो. त्या सोपेपणात दडलेला अपमान मुलांना बरोबर कळतो.

आता आपल्या वसतिगृहातील संध्याकाळ आठवावी. वंदना झाली की सतरंज्या अंथरल्या जात आणि अभ्यासाचा तास सुरू होई. नववीतला मुलगा सातवीतल्याला अपूर्णांक समजावून सांगे; ज्याला विज्ञान जमे तो मराठीत अडलेला असे, आणि दोघांचे एकमेकांवाचून चालत नसे. ही शिस्त आहे असे तेव्हा वाटे, पुष्कळांना ती जाचकही वाटे. पण बर्कलेच्या चिनी मुलांनी आपसांत उभी केलेली व्यवस्था याहून फारशी निराळी नव्हती. अडचण अशी की शाळेचा दाखला घेऊन बाहेर पडताना हा तास मागे राहतो. कल्याण, ठाणे किंवा मुंबईच्या महाविद्यालयात शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात आपला मुलगा मागच्या बाकावर बसतो, लोकलने किंवा एसटीने घरी येतो आणि भिंतीकडे तोंड करून एकट्याने पुस्तक उघडतो.

तो एकटा का पडतो, याचे उत्तर केवळ त्याच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे होईल. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडले की विद्यार्थी शिक्षण सोडतो तेव्हा बहुधा त्या संस्थेशी, तेथील अभ्यासाशी आणि माणसांशी त्याची नाळ जुळलेली नसते. त्यांच्या मांडणीवर पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती : संस्थेत मिसळण्यासाठी विद्यार्थ्याने आपले घर, आपली भाषा, आपला समाज मागे टाकावा काय? आपल्या देशात या प्रश्नाला जातीची धार आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. २००७ मधील तिच्या अहवालात वर्गातील दुजाभाव, शिक्षकांचे अंतर राखणे आणि वसतिगृहातील ठरावीक मजल्यांवर ही मुले एकवटली जाणे यांची नोंद आहे. राहायला खोली मिळाली म्हणजे सोबत मिळाली असे होत नाही, हे त्या अहवालातून स्पष्ट होते.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशात केलेला प्रयोगही येथे सांगण्याजोगा आहे. सहावी-सातवीतील ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तोवर दोन्ही गटांची कामगिरी जवळजवळ सारखी होती. सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारल्यानंतर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडीही तीच होती. प्रवेशाच्या यादीपासून शिष्यवृत्तीच्या सूचनाफलकापर्यंत नावासमोर जातीचा प्रवर्ग पाहत वावरणाऱ्या विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी निकालावरून मत बनवणाऱ्यांनी या प्रयोगाचा विचार जरूर करावा.

भाषेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी २०१० मध्ये एका दीर्घ निबंधात जोतीराव फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ या १८५५ च्या नाटकाचे नाव पुढे ठेवून फुले-आंबेडकरी अध्यापनाची दिशा मांडली. वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी रिकामा नसतो. त्याच्याजवळ असलेल्या ज्ञानाला वर्गात जागा दिली जात नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. इंग्रजी यायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण इंग्रजी येईपर्यंत मराठीत शंका विचारण्याची मुभा ज्या वर्गात नाही, तेथे ती येणेही लांबते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा सारा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहात नवल भथेना हे पारशी मित्र त्यांच्या सोबतीला होते आणि ती मैत्री जन्मभर टिकली. उलट १९१७ मध्ये परदेशी पदव्या घेऊन बडोद्याच्या नोकरीवर आलेल्या याच विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळेना. बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या आरंभीच्या कामांत १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले, त्याचा अर्थ या दोन अनुभवांच्या पार्श्वभूमीवर अधिक उलगडतो. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे बाबासाहेबांनी आपले म्हणणे मांडले. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ त्यांना अपुरे वाटत होते. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाची फारकत म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांची फारकत, असे त्यांचे मत होते. शंभर वर्षांनंतरही आपल्या अनेक महाविद्यालयांत परीक्षेपलीकडे काय घडते, असे विचारावेसे वाटते.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पोटासाठी नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळी वर्ग भरत. विद्यार्थ्याच्या जीवनाला वेळापत्रकाने जुळवून घ्यावे, ही दृष्टी त्यामागे होती. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले आणि त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. भदंत नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणारा राजा तो मिलिंद. आणि ज्या परिसरात ते उभे राहिले ते नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला देणे ही अध्यापनाविषयीची एक भूमिकाच आहे. नागसेनवनात वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहांना होते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांची एक पिढी तेथे एकमेकांच्या आधाराने शिकली, लिहू लागली.

आपल्या परंपरेत याला शब्दही आहे. संयुत्तनिकायातील उपड्ढसुत्तात, कल्याणमित्रांची सोबत हा श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग आहे असे आनंद म्हणतात, तेव्हा तथागत त्यांना थांबवून ते अर्धे नसून संपूर्ण आहे असे सांगतात. कल्याणमित्र हा शब्द आपण आशीर्वादपर भाषणांत पुष्कळ वापरतो. अभ्यासाच्या टेबलापर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचतो.

प्रत्यक्षात काय करता येईल? अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. योजना उपयुक्त आहे आणि पात्र मुलांनी अर्ज जरूर करावा. परंतु भाड्याच्या खोलीचे पैसे मिळाल्याने डोक्यावर छप्पर येते, समोर बसून ‘हे उदाहरण तू कसे सोडवलेस?’ असे विचारणारा मित्र येत नाही. म्हणून एकाच महाविद्यालयात किंवा एकाच अभ्यासक्रमात जाणाऱ्या आपल्या मुलांनी शक्यतो एकत्र खोली घ्यावी. घरूनच जाणे-येणे असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात किंवा समाजमंदिरात बसावे. क्रम मात्र तोच ठेवावा : आधी प्रत्येकाने एकट्याने झगडावे, मग एकत्र यावे. हे उलटे केले तर एक जण सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात. अशा बैठकीपेक्षा एकटे बसलेले बरे.

माजी विद्यार्थ्यांनी सत्कारसमारंभापेक्षा या बैठकांना वेळ द्यावा, अशी माझी विनंती आहे. वाणिज्य, अभियांत्रिकी, परिचर्या, विधी अशा शाखांत आपली मुले शिकून गेली आहेत. पहिल्या सत्रात आपणही अडखळलो होतो आणि नंतर सावरलो, एवढे जरी एखाद्या वरच्या वर्गातील ताईने किंवा दादाने नव्या मुलाला मोकळेपणाने सांगितले तरी त्याचा परिणाम होतो. अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन व जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या उपक्रमात वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे असेच अनुभव वाचायला दिले होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण त्यानंतरची तीन वर्षे सुधारत गेले.

भेदभावाचा अनुभव आला तर मात्र मित्रांच्या धीरावर विषय संपवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो कक्ष कोठे आहे आणि अधिकारी कोण आहेत, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. पालकांनीही फोनवर गुण विचारण्याआधी एक गोष्ट विचारावी : या आठवड्यात कोणाबरोबर अभ्यासाला बसलास? उत्तर ‘कोणाबरोबरच नाही’ असे आले, तर पुढच्या रविवारी शाळेत घेऊन यावे. त्या दिवशी संध्याकाळचा तास माजी विद्यार्थ्यांसाठीही खुला असतो.